पटावर आहे, वर्गात नाही

प्रश्न: बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी आहे. शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट २७. चार लेकरांपुढं माझं डोकं चालत नाही. एका मुलीला कानाची मशीन मिळाली आहे, पण ती दप्तरातच असते. तांड्यावरचा एक मुलगा चौथीत आला तरी वाचत नाही, गाव त्याला मतिमंद म्हणतं. एकाचे हातपाय जन्मापासून आखडलेले आहेत, बोलणंही कळत नाही. आईबाप उसाला जातात, आजोबा कडेवर आणून सोडतात. आणि एक मुलगी बसल्या जागी हरवते, हाक मारली तरी ओ देत नाही. विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा येतात. बाकीचे पालक म्हणतात, आमच्या लेकरांचं नुकसान होतंय. या चौघांच्या पालकांना विशेष शाळेत न्यायला सांगू का?

उत्तर:

बाई, शेवटचं आधी घेते. सांगू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या लेकराला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्या घरची आहे. पालकांनी आपणहून विचारलं तर दोन्हीकडची माहिती जरूर द्या. शाळेनं मात्र 'तिकडं न्या' म्हणायचं नसतं. शिवाय तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला चौघांतलं एकही लेकरू विशेष शाळेचं वाटत नाही. एकीला डॉक्टर पाहिजे. एकीला मशीनचा नवा साचा आणि सेल पाहिजे. एकाला नीट बसायला जागा पाहिजे. राहिला तांड्यावरचा मुलगा, त्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण अशी लेकरं मराठवाड्यात शाळाशाळांत आहेत आणि त्यांना काहीही झालेलं नसताना त्यांच्यावर शिक्का बसतो.

मी २००६ पासून विशेष शिक्षक म्हणून या कामात आहे. आधी लातूरकडं, मग परभणी, आता तुमच्याच जिल्ह्याच्या शेजारी. एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर 'पटावर आहे, वर्गात नाही' असं लेकरू. दाराजवळ बसवलेलं. हातात पाटी आणि रंगीत खडू, तीन वर्षं तेच. यादीत नाव, शेरा 'समावेशित'. असं एक लेकरू मी एका शाळेत पाहिलं, त्याच्या चित्राच्या वहीत सगळ्या पानांवर शाळेचं दारच होतं. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

अशा ठिकाणी शिक्षक सांगतात, 'आम्हाला त्याचं प्रशिक्षण नाही' किंवा 'प्रमाणपत्र यायचंय'. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं ते सवलतींसाठी. शिकवण्यासाठी एवढंच कळावं लागतं की या लेकराची गाडी नेमकी कुठं अडते. ते तुम्ही रोज सहा तास बघता, विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा. त्यामुळं खाली जे लिहिते ते त्यांची वाट न पाहता सुरू करा.

आधी हरवणारी मुलगी, कारण तिथं घाई आहे. ही चूक मी स्वतः केली आहे. एका मुलीला मी जवळजवळ वर्षभर 'लक्ष नाही' म्हणून पुढच्या रांगेत बसवून टोकत राहिले, आणि ती मिरगी निघाली. मिरगी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जमिनीवर पडून हातपाय झाडणारं माणूस येतं. पण लहान मुलांत एक प्रकार असा असतो की लेकरू पडत नाही, थरथरत नाही. बोलता बोलता थांबतं, नजर एका जागी लागते, पापण्या किंचित फडफडतात, पाच-दहा सेकंदांत परत येतं आणि काही झालंच नाही असं पुढचं काम करू लागतं. दिवसात असं अनेकदा होऊ शकतं. तेवढा तेवढा धडा तिच्या कानावरून जातो. पाढा म्हणताना मधले दोन आकडे गळतात आणि आपण म्हणतो, पाठ केलं नाही.

तंद्री लागलेलं लेकरू आणि हे लेकरू वेगळं कसं ओळखायचं? खांद्याला हात लावा. तंद्री असेल तर मोडते. हा झटका असेल तर हात लावून मोडत नाही, आपल्या वेळेनंच संपतो. आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ आणि किती सेकंद एवढंच लिहा. आईला विचारून मोबाइलवर एखादा व्हिडिओ घ्या. डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्या वीस सेकंदांतून जास्त कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्याची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवा. या प्रकारावर औषधं चांगली लागू पडतात, फक्त ती मनानं बंद करायची नाहीत. 'महिनाभर काही झालं नाही म्हणून गोळ्या थांबवल्या' हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलंय.

आणि वर्गात कधी मोठी फीट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, तोंडात पाणी नाही. आजूबाजूचं दप्तर-बाक सरकवा, कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. कपडे ओले होतात, म्हणून शाळेत एक जुनी चादर ठेवा; आधी ती अंगावर टाका. पुढं वर्षानुवर्षं मुलं चिडवतात ती फीटवरून कमी, ओल्या कपड्यांवरून जास्त.

आता कानाची मशीन. दप्तरात पडलेली मशीन बघितली की आपण आईला बोलतो. त्याआधी मशीन हातात घ्या. चालू करून मूठ बंद करा. कूं असा आवाज आला तर ती जिवंत आहे. नाही आला तर सेल गेलाय. या सेलवर छोटा कागदी पट्टा असतो. तो काढला की आत हवा शिरते आणि सेल सुरू होतो, मग मशीन वापरा न वापरा तो उतरत जातो. साधारण एक-दोन आठवडे. म्हणजे तालुक्याहून आणलेली सेलची पाकिटं किती पुरतील याचा हिशोब घरी कुणीतरी करून ठेवायला हवा. मला वाटतं तुमच्या मुलीच्या घरी तो कुणी केलेला नाही.

मुठीत वाजते, पण कानात घातल्यावरही शिट्टी मारते, असं असेल तर कानात बसवायचा साचा सैल झालाय. लेकरू वाढतं तसा कान वाढतो, साचा मात्र तोच राहतो. या वयात तो साधारण वर्षभरात बदलावा लागतो, आणि शिबिरात मशीन वाटून गेलेल्यांनी हे बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. ती शिट्टी तिला नीट ऐकू येत नसली तरी शेजारच्या मुलांना येते, ती हसतात, आणि मशीन दप्तरात जाते. तिसरी गोष्ट घामाची. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायची, आत नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती ओलावा शोषणारी पुडी टाकायची. आणि कान वाहत असेल तर मशीन नाही, तेल तर मुळीच नाही, आधी दवाखाना.

मशीन ठीक झाली की पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ घालायला लावू नका. इतके दिवस शांततेत राहिलेल्या लेकराला पत्र्याच्या खोलीतला २७ जणांचा गलबला म्हणजे मारच. सकाळी पाठ वाचायच्या तासाला अर्धा तास, मग एक तास, असं वाढवा. रोज तिच्या मागं उभं राहून एक मिनिट हे करा: आ, ई, ऊ, म, श, स, एकेक आवाज काढा, ऐकू आला की तिनं हात वर करायचा. या सहा आवाजांत बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे सूर येतात. काल 'स' ऐकू येत होता आणि आज नाही, तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय.

शिकवताना फळ्याकडं तोंड करून बोलू नका. खिडकीकडं पाठ करून उभ्या राहू नका, तुमचा चेहरा अंधारात जातो. तिला तुमच्यापासून तीन-चार फुटांवर बसवा. मागच्या मुलानं उत्तर दिलं की ते तुम्ही पुन्हा म्हणा, नाहीतर अर्धा वर्ग तिच्यासाठी मुकाच असतो. (झुपकेदार मिशा ठेवणाऱ्या गुरुजींना मी तोंडावर सांगते की ओठ दिसू द्या. एकानं मिशा कातरल्या होत्या, त्यांचं मला अजून कौतुक आहे.) तिच्या खुणा बंद करू नका. नऊ वर्षांच्या वयात मशीन मिळालेली मुलगी नुसत्या बोलण्यावर तग धरणार नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश दिल्लीच्या सरकारी संस्थेनं तयार केलाय, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. रोज पाच खुणा सगळा वर्ग शिकला तर मुलांना तो खेळ वाटतो. महिन्याभरात ती खुणेनं विनोद करायला लागते, बघा.

हातपाय आखडलेला मुलगा. तुमच्या वर्णनावरून हा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा नसलेला मुलगा दिसतो. 'बोलणं कळत नाही' असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्याचं आपल्याला कळत नाही. त्याला आपलं किती कळतं हे तपासलंय का? या मुलांत जिभेचे, ओठांचे स्नायू ऐकत नाहीत. डोकं कित्येकदा शाबूत असतं. त्याला असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हो किंवा नाही आहे, आणि 'हो' साठी वर बघ, 'नाही' साठी डोळे मिट असं ठरवा. 'आज सोमवार आहे का?' 'तुझ्या आजोबांकडं बैल आहेत का?' एका तासात तुमचा त्याच्याबद्दलचा अंदाज पार बदलेल. मग पुठ्ठ्यावर सहा-आठ चित्रं चिकटवा: पाणी, शू, दुखतंय, मला सांगायचंय, पुन्हा सांगा, नको. बोटानं किंवा नजरेनं तो दाखवू शकेल.

बसण्याचं महत्त्व फार आहे. सतरंजीवर बसवलं की तो एका अंगाला कलतो आणि सगळी ताकद न पडण्यात जाते; मग शिकायला काय उरणार? कंबर, गुडघे, घोटे तिन्ही ठिकाणी काटकोन आणि तळवे टेकलेले, असं बसलं की हात मोकळे होतात. एलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या खुर्च्या येतात. मापं घेण्याच्या शिबिरात त्याला स्वतःला न्या. नुसती नावं कळवली की मोठ्या माणसाची व्हीलचेअर येते आणि ती शाळेच्या खोलीत खोकी ठेवायच्या कामाला लागते. तोवर गावातल्या सुताराकडून कोपऱ्यासारखी पाठ असलेली बैठक करून घ्या: दोन फळ्या काटकोनात, खाली पाट, पुढं अडवणी, वर लिहायला उतरती फळी. पेन्सिलीवर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली तर ती धरता येते. त्याला पान भरून लिहायला लावू नका. बरोबर उत्तरावर बोट ठेवलं, तेवढ्यावर त्याला गुण द्यायचे.

शाळा सुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा संडास असतो, हेही सांगून ठेवते. हा मुलगा दुपारपर्यंत पाणी पीत नसेल. विचारा. संडासात भिंतीला आडवी सळई आणि एक खुर्ची, एवढं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मंजूर होऊ शकतं. रॅम्पबद्दल एकच: एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी चार फुटांत उरकलेली घसरगुंडी असते. आजोबांसाठी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत मदतनीस भत्ता असतो, त्यांचं बँक खातं आहे का ते बघा.

आता तांड्यावरचा मुलगा.

सर्वांत आधी त्याच्या नावापुढचा 'मतिमंद' हा शब्द पुसा, निदान तुमच्या मनातून. हल्ली कायद्यातला शब्द बौद्धिक दिव्यांगत्व आहे, पण शब्द बदलून शिक्का बदलत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व फक्त पुस्तकापुरतं कधीच नसतं. ते जेवण्यात दिसतं, कपडे घालण्यात, खेळाचे नियम कळण्यात, पैशांत, रस्ता ओळखण्यात. तुमचा मुलगा दुकानातून पन्नासची नोट मोडून आणतो का? शेळ्या मोजून आणतो का? विटीदांडूत भांडून आपला डाव मिळवतो का? ही तीन उत्तरं 'हो' असतील तर गाव चुकतंय.

दुसरं, तो घरी कोणत्या भाषेत बोलतो? गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. आईला याडी म्हणणारं, भाकरीला बाटी म्हणणारं लेकरू पहिलीत येतं आणि आपण चित्र दाखवून विचारतो, 'ही कोण?' ते गप्प बसतं. आपण लिहितो, प्रतिसाद नाही. त्याला एकदा तांड्यावरच्याच मोठ्या मुलासमोर बसवून गोरमाटीत गोष्ट सांगायला लावा. सुरुवात, मध्य, शेवट नीट लावून सांगितली, तर भाषा आहे. फक्त आपली नाही.

तिसरं, मागच्या तीन वर्षांची हजेरी काढा. नुसते दिवस मोजू नका, कोणते महिने ते बघा. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी गेली आणि मार्च-एप्रिलला परतली, असं असेल तर हा मुलगा कागदावर चौथीत आहे, शिकवणीच्या हिशोबानं दुसरीच्या मध्यावर. त्यातही दरवर्षी तो जातो तेव्हा वर्ग जोडाक्षरांकडं वळत असतो, आणि परततो तेव्हा सुट्ट्या लागायच्या असतात. हे न बघता त्याला अध्ययन अक्षम म्हणणंही घाईचं आहे. पुरेसं शिकवूनही, डोळे-कान ठीक असूनही, बुद्धी ठीक असूनही वाचन येत नाही, तेव्हाच अध्ययन अक्षमतेचा विचार करायचा. आणि साधारण आठ वर्षांच्या आधी तर तपासणीच करत नाहीत. म्हणून आधी डोळे तपासा. फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतो का? मग चष्मा लागेल.

एवढं झाल्यावरही वाचन अडत असेल, तर ते कुठं अडतं ते शोधा. 'वाचता येत नाही' हे निदान नव्हे, ती तक्रार आहे. आपल्या लिपीचे काही खाचखळगे आपल्याला सवयीनं दिसत नाहीत. भ-म, ध-घ, थ-य, ब-व या जोड्या. पहिली वेलांटी: 'दिवा' लिहिताना ती डावीकडं आधी येते, म्हणताना नंतर. डावीकडून उजवीकडं वाच म्हणून आपणच शिकवलेलं असतं, आणि इथं आपणच नियम मोडतो. 'र'ची तर चार रूपं: सूर्य, सुऱ्या, चक्र, ट्रक. अडखळणाऱ्या लेकराला ही चार वेगळी अक्षरं वाटतात. म्हणून सारख्या दिसणारी अक्षरं एका आठवड्यात शिकवू नका. 'म' पक्का झाल्यावर पंधरा दिवसांनी 'भ'. मुळाक्षरांच्या तक्त्याच्या क्रमानं जाऊ नका. ज्यातून लगेच शब्द बनतात अशी चार-पाच अक्षरं घ्या, आणि पहिले शब्द त्याच्या घरचे असू द्या.

अक्षराआधी कान तयार करा. 'सकाळ'मधला 'स' काढला तर काय राहतं? काळ. 'कपाट'मधला 'क' काढला तर? पाट. हा खेळ वही न उघडता, रांगेत उभं असताना, खिचडीची वाट बघताना होतो. ज्याला हा जमत नाही त्याला अक्षरं जोडून शब्द जमणं कठीण, आणि महिनाभर हाच खेळ खेळलात तरी वेळ वाया जात नाही. मग परातीत ज्वारी पसरून बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं आवाज काढायचा. वाचताना ओळ सुटते, म्हणून पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून द्या. रोज दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा एक तास बसवलं तर तोही वैतागेल आणि तुम्हीही.

आकड्यांचंही तसंच. तो पंचवीस ऐकून ५२ लिहितो म्हणून त्याला उलटं दिसतं असं समजू नका. मराठीत पाच आधी म्हणतात आणि वीस नंतर, तो जसं ऐकतो तसं लिहितो! एकोणतीसचं ३९ होतं, कारण कानावर तीस पडलेलं असतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, मराठी बुडाली म्हणून. माझं मत विचाराल तर अडणाऱ्या लेकरासाठी ती रीत म्हणजे हाताला धरून उंबरा ओलांडवणं आहे. 'वीस पाच म्हणजे पंचवीस' असं दोन्ही म्हणू द्या, दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्या, आणि परीक्षेत प्रश्न वाचून दाखवा. गणिताचं उत्तर तोंडी बरोबर आलं तर गणित येतं. वाचनाचे मार्क वाचनात कापा.

सहा महिने हे नेटानं करूनही अक्षर टिकत नसेल, तर दिव्यांगत्वाची शंका नोंदवायच्या प्रशस्त ॲपवर नोंद करा. एनसीईआरटीचं आहे, पहिला भाग वर्गशिक्षकानंच भरायचा असतो. ती चाळणी आहे, निदान नव्हे. त्यावरून पालकांना 'तुमच्या मुलाला अमुक आहे' असं सांगायला जाऊ नका. पुढची तपासणी जिल्ह्याला. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला तासाला २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो. ते सहा वर्षं लांब आहे, पण कागद वेळेवर होत नाहीत, म्हणून आत्ता सांगितलं. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एक आहे का तेवढं आजच बघा. तांड्यावर आडनाव एका कागदावर राठोड आणि दुसऱ्यावर बापाचंच नाव, असं सर्रास असतं, आणि अर्ज तिथंच अडकतो.

बाकीच्या पालकांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वर्गात बोलवा. वर लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं २७ जणांसाठीच आहे: फळ्याकडं पाठ करून बोलणं, काड्यांचे गठ्ठे, ध्वनीचे खेळ, उत्तर पुन्हा म्हणणं. माझा अनुभव असा की त्या एका लेकरासाठी केलेल्या बदलानं आणखी पाच-सहा जण वाचायला लागतात, ज्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. जोडीदार मात्र नेमताना जपा. हुशार मुलीलाच कायम 'सांभाळायला' बसवतात, तिचं खरंच नुकसान होतं. आठवड्याला जोडीदार बदला, आणि उलटही करा: आजोबांसोबत येणाऱ्या त्या मुलाला एखाद्या खेळात गुण मोजायला बसवा.

तुमच्याकडं येणाऱ्या विशेष शिक्षकाबद्दल थोडं बोलते, कारण ती मीच असू शकले असते. प्राथमिकला दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागं एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. आमच्याकडं आज शाळाच मोजायला हात पुरत नाहीत आणि कित्येक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. म्हणून ते येतात त्या दिवशी लेकरू त्यांच्या स्वाधीन करून तुम्ही ऑनलाइन माहिती भरायला बसू नका. त्यांना तुमच्या वर्गात बसू द्या. एकच अडचण आधी लिहून ठेवा, 'पहिली वेलांटी पंधरा दिवस केली, तरी उलटी लिहितो', अशी. त्यावर त्यांनी तुमच्यासमोर वीस मिनिटं काम करून दाखवायचं, पुढचे पंधरा दिवस ते तुम्ही करायचं. वैयक्तिक शिक्षण आराखडा नावाचा कागद फायलीत लावायला नसतो. त्यात तीन महिन्यांची तीनच उद्दिष्टं लिहा, आणि अशी की ती झाली की नाही हे आजोबांनाही सांगता येईल.

राहिली दिवाळी, म्हणजे ऊसतोडीला जायची वेळ. तुमच्या चौघांपैकी कुणाकुणाचं घर गाडी भरणार आहे ते आत्ताच विचारून ठेवा. हातपाय आखडलेला मुलगा मागं राहणार असेल तर आजोबांच्या तब्येतीचाही विचार करा. तालुक्यात हंगामी वसतिगृह असेल तर ते अशा लेकराला घ्यायला कचरतं, तिथं केंद्रप्रमुखांना सोबत घेऊन बोला. तांड्यावरचा मुलगा जाणार असेल तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेल्या शिक्षण हमी कार्डासोबत एक साधा कागद द्या: कोणती अक्षरं पक्की, कोणती कच्ची, त्याला काय करून शिकवलं की कळतं. मिरगीवाली मुलगी जाणार असेल तर सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत नाहीत. ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव आणि गोळीचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. मशीनवाली जाणार असेल तर सेलची सहा-सात पाकिटं आणि ती डबी. कागद मुकादमाकडं देऊ नका, बापाच्या खिशातही नको, तो पहिल्या धुण्यात जातो. आईच्या हातात द्या, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्याकडून एकदा तोंडी म्हणवून घ्या.